जुन्या वादग्रस्त डिरेक्टर्सना आजचे हॉरर पिक्चर ट्रिब्यूट कसा देतात?

तुम्ही विचारलंय की हिचकॉक, पोलान्स्की, अर्जेंतो, देओदातो अशा वादात सापडलेल्या जुन्या डिरेक्टर्सना आजच्या हॉररमध्ये ट्रिब्यूट दिलेला असतो तो ओळखायचा कसा, आणि ज्यांच्या सेटवर माणसांचे नाहीतर प्राण्यांचे हाल झाले त्यांना असा मान द्यावा तरी का. हे दोन्ही प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेत की मी वेगळी उत्तरं देत बसत नाही, एकत्रच लिहिते, जरा लांबेल.

सगळ्यात वरवरचा ट्रिब्यूट म्हणजे नावं आणि चेहरे. हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (1960) नायिकेच्या मित्राचं नाव सॅम लूमिस, मग 'हॅलोवीन'मध्ये (1978) डिरेक्टर जॉन कार्पेंटरनं डॉक्टरचं नाव सॅम लूमिस ठेवलं आणि हिरॉइन म्हणून घेतलं जेमी ली कर्टिसला, म्हणजे 'सायको'च्या शॉवरमध्ये मरणाऱ्या जॅनेट लीच्या मुलीला, आणि पुढे 'स्क्रीम'मध्ये (1996) बिली लूमिस आला. त्याच 'स्क्रीम'मध्ये पोस्टरवर झळकणारी ड्रू बॅरिमोर पहिल्या काही मिनिटांतच मारली जाते, तोही हिचकॉकचाच डाव, स्टार आहे म्हणजे वाचणार हा प्रेक्षकाचा भरवसाच काढून घ्यायचा. टी वेस्टच्या 'मॅक्सीन'मध्ये (2024) तर हिरॉइन पळत पळत युनिव्हर्सलच्या आवारातल्या 'सायको'तल्या खऱ्याखुऱ्या बेट्स हाउसच्या सेटवरच पोचते. हे सगळं ओळखायला मजा येते, मलाही येते, पण यात त्या जुन्या माणसाबद्दल कुणी काही बोलत नसतं, फक्त "आम्ही तुमचा पिक्चर बघितलाय" एवढंच सांगणं असतं.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे पूर्ण पद्धतच उचलायची. कॅमेरा कुठे ठेवायचा, प्रेक्षकाला कुणाच्या डोळ्यांनी बघायला लावायचं, आवाज कधी बंद करायचा हे. इथे ब्रिटिश डिरेक्टर मायकल पॉवेलचं उदाहरण द्यायलाच हवं. त्याचा 'पीपिंग टॉम' 1960 च्या एप्रिलमध्ये आला, 'सायको'च्या दोनेक महिने आधी. त्यातला मार्क स्टुडिओत कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा असिस्टंट, तो बायकांना मारतो ट्रायपॉडच्या पायात लपवलेल्या पात्यानं, आणि मारताना शूटिंग करतो, वर एक आरसा लावलेला असतो म्हणजे मरणाऱ्या बाईला स्वतःचाच घाबरलेला चेहरा दिसत राहतो. त्याच्या बापानं लहानपणी त्याच्यावर भीतीचे प्रयोग केलेले असतात, मुद्दाम झोपेतून उठवून घाबरवायचं आणि ते फिल्मवर घ्यायचं. आता ऐका, त्या जुन्या फिल्ममधल्या बापाचं काम पॉवेलनं स्वतः केलंय आणि लहान मार्क म्हणून त्याचा स्वतःचा मुलगा आहे. म्हणजे कॅमेरावाला माणूस दुसऱ्याच्या भीतीवर कसा जगतो हे सांगताना त्यानं स्वतःलाही मोकळं सोडलं नाही. ब्रिटिश समीक्षक या पिक्चरवर असे तुटून पडले की पॉवेलचं तिथलं करियर मोडल्यातच जमा झालं, आणि पुढे 1979 च्या सुमारास मार्टिन स्कॉर्सेसीनं पुढाकार घेऊन पिक्चर परत लोकांसमोर आणला.

खुनी माणसाच्या नजरेतून बघायला लावणारा शॉट आज इतका सरसकट झालाय की तो कुणाचा होता हेच लोक विसरलेत. 'हॅलोवीन'ची सुरुवात आठवा, खुन्याच्या नजरेतून दिसणारं घर, जिना, मग मुखवट्याच्या भोकांतून दिसणारी बहीण, आणि मग कळतं की आपण सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी बघत होतो. 'स्क्रीम 4'मध्ये (2011) तर फोनवरचा खुनी स्लॅशरची, म्हणजे एकामागून एक खून करत सुटणाऱ्या खुन्याच्या पिक्चरची, सुरुवात कुठून झाली असा प्रश्न विचारतो आणि उत्तर 'सायको' नसून 'पीपिंग टॉम' आहे असं स्वतःच ठणकावतो. मला हा ट्रिब्यूट आवडतो कारण ज्याला त्याच्या काळात हाकलून दिलं त्याचा हिशोब निदान कुणीतरी चुकता केला.

पण पॉवेलचा वाद होता पिक्चरमधल्या विषयावरून. तुमचा खरा प्रश्न आहे सेटवर जे घडलं त्याचा, आणि तिथे मला सगळ्यात जास्त त्रास देणारं नाव म्हणजे रुजेरो देओदातो.

'कॅनिबल होलोकॉस्ट' (1980). गोष्ट अशी की ॲमेझॉनच्या जंगलात डॉक्युमेंटरी करायला गेलेली चौघांची टीम गायब होते, एक प्रोफेसर त्यांना शोधायला जातो, त्याला त्यांची रिळं मिळतात, आणि न्यूयॉर्कला आल्यावर ती बघताना कळतं की या लोकांनीच गावं जाळली, बायकांवर अत्याचार केले, सनसनाटी फुटेज मिळावं म्हणून माणसं मारली, आणि चॅनेलवाल्यांना तरीही ते दाखवायचंच आहे. हातात धरलेला हलता कॅमेरा, ओरखडे पडलेली फिल्म, मध्येच गायब होणारा आवाज, हे आज आपण ज्याला फाउंड फुटेज म्हणतो ते सगळं त्यात आहे. इटलीत रिलीज झाल्यावर थोड्याच दिवसांत पिक्चर जप्त झाला आणि देओदातोवर खटला भरला. लोकांना वाटलं नट खरोखरच मेलेत. त्याला कारणही होतं, नटांकडून त्यानं लिहून घेतलं होतं की वर्षभर कुठेही दिसायचं नाही. शेवटी नट जिवंत आहेत हे दाखवावं लागलं आणि खांबावर टोचलेल्या मुलीचा तो कुप्रसिद्ध सीन कसा केला तेही समजावून सांगावं लागलं. ती मुलगी खांबाला लावलेल्या सायकलच्या सीटवर बसली होती आणि तोंडात बाल्साच्या हलक्या लाकडाचं टोक धरून वर आकाशाकडे बघत होती, बस एवढंच.

याच्या आधी लुचिओ फुल्ची या इटालियन डिरेक्टरचं असंच झालं होतं. 1971 च्या 'अ लिझर्ड इन अ वुमन्स स्किन'मध्ये पोट फाडलेल्या जिवंत कुत्र्यांचा एक सीन आहे, प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा इफेक्ट करणाऱ्या कार्लो रांबाल्दीनं ती खोटी कुत्री दाखवली आणि फुल्ची सुटला. हाच रांबाल्दी ज्यानं पुढे स्पीलबर्गच्या 'ई.टी.'मधला परग्रहवासी बनवला. म्हणजे बघा, फुल्चीला प्राणी खोटे आहेत हे सिद्ध करावं लागलं आणि ते खरंच खोटे होते. देओदातोला माणसं जिवंत आहेत हे सिद्ध करावं लागलं, तेही त्यानं केलं, पण त्याच्या पिक्चरमधले प्राणी खरोखर मारलेले होते. मोठं कासव, डुक्कर, माकडं, कोआटी नावाचा छोटा जंगली प्राणी. कॅमेऱ्यासमोर, पिक्चरसाठी. त्याला माझ्याकडे काहीही समर्थन नाही आणि काळ वेगळा होता हे म्हणणंही मला पटत नाही, कारण रांबाल्दीची कुत्री त्याच्या नऊ वर्षं आधीची आहेत. खोटं करता येत होतं, सगळ्यांना माहीत होतं.

आता या पिक्चरला मिळालेले ट्रिब्यूट बघा. एली रॉथ हा अमेरिकन डिरेक्टर देओदातोचा मोठा फॅन, त्यानं 'हॉस्टेल: पार्ट टू'मध्ये (2007) देओदातोला चक्क नरभक्षकाच्या छोट्या रोलमध्ये घेतलं, आणि मग 'द ग्रीन इन्फर्नो' (2013) काढला. हे नाव 'कॅनिबल होलोकॉस्ट'मधूनच आलंय, त्यातली डॉक्युमेंटरीवाली टीम जो पिक्चर करत असते त्याचं नाव 'द ग्रीन इन्फर्नो'. रॉथनं प्राणी मारले नाहीत, इफेक्ट जबरदस्त केले, जंगल, हिरवा-लाल रंग, शिकारीचे सीन सगळं जमवलं. त्याच्या गोष्टीत कॉलेजची आंदोलक पोरं मोबाइलवरून लाइव्ह दाखवत जंगल वाचवायला जातात आणि त्याच जमातीच्या तावडीत सापडतात. आणि इथेच माझं त्याच्याशी बिनसतं. देओदातोच्या पिक्चरमध्ये राक्षस कोण असेल तर कॅमेरा घेऊन गेलेली टीम. रॉथच्या पिक्चरमध्ये ती जागा परत आदिवासींकडे गेली. पोरांच्या दिखाऊपणावर तो बोट ठेवतो हे खरं, पण पडद्यावर भीती कुणाची वाटते तर अंगाला रंग फासलेल्या माणसांची. सर्व्हायव्हल इंटरनॅशनल ही आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था आहे, त्यांनी या पिक्चरवर टीका केली आणि मला ती योग्य वाटते. ज्या भागामुळे देओदातोचा पिक्चर आजही विचार करायला लावतो तोच भाग ट्रिब्यूट देणाऱ्यानं गाळला आणि ज्या भागाची लाज वाटायला हवी होती त्यातला अर्धा ठेवला.

याउलट 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (1999) बघा. त्यात नरभक्षक नाहीत, रक्त जवळपास नाही, पण हरवलेली टीम, सापडलेलं फुटेज आणि नट खरंच गायब आहेत असा प्रचार, हा सगळा सांगाडा त्याच 1980 च्या पिक्चरचा आहे, मग तो ठरवून घेतला असो वा नसो. तिन्ही नटांची खरी नावं वापरली, त्यांचेच 'बेपत्ता'चे पोस्टर लावले. आणि इथेही किंमत नटांनीच मोजली, पिक्चरनं प्रचंड पैसा कमावला आणि 2024 साली त्या तिघांना जाहीरपणे लायन्सगेट या कंपनीकडे आपल्या वाट्याची मागणी करावी लागली. म्हणून मी म्हणते की पद्धत उचलताना त्या पद्धतीत कुणाला चिरडलं गेलं होतं तेही बघावं लागतं, नाहीतर ते चिरडणंसुद्धा पद्धतीबरोबर पुढे येतं.

आता दारिओ अर्जेंतो. माझा अत्यंत आवडता डिरेक्टर, आणि देखण्या बायकांना इतक्या देखण्या रीतीनं मारण्यावरून कायम शिव्या खाल्लेला. त्याच्या पिक्चरमध्ये खुनी दिसत नाही, फक्त काळे हातमोजे घातलेले हात दिसतात, आणि ते हात बऱ्याचदा अर्जेंतोचे स्वतःचेच असायचे. 'सस्पिरिया' (1977) ज्यांनी बघितला नाही त्यांनी तो फोनवर बघू नका, मोठ्या स्क्रीनवर बघा. लुचियानो तोवोली या कॅमेरामननं लाइटसमोर रंगीत कापडं लावून तो लाल आणि निळा मिळवला, आणि प्रिंट काढल्या टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीनं, जी तेव्हा बंद पडत आली होती, म्हणून ते रंग असे अंगावर येतात. दुसरी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गोष्ट मुळात लहान मुलींची होती, त्या वयाच्या मुली घेणं शक्य नव्हतं म्हणून मोठ्या नट्या घेतल्या, पण दारांच्या मुठी मुद्दाम डोक्याच्या उंचीवर बसवल्या, म्हणजे दार उघडताना प्रत्येक बाई नकळत लहान मुलीसारखी दिसते. पुढच्या वेळी बघाल तेव्हा दारांकडे बघा.

लुका ग्वादान्यिनोनं 2018 ला याचा रिमेक केला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता लाल-निळा धुमाकूळ असणार, आणि त्यानं रंगच काढून टाकला. सगळं राखाडी, मातकट, 1977 चं बर्लिन, बाहेर विमान अपहरणाच्या बातम्या, भिंतीपलीकडे अर्धं शहर. गॉब्लिन या बँडच्या कानठळ्या बसवणाऱ्या म्युझिकच्या जागी गायक टॉम यॉर्कचा हळवा आवाज. मूळ पिक्चरची हिरॉइन जेसिका हार्पर यात येते, पण नुसतं दर्शन देऊन जायला नाही, एका म्हाताऱ्या डॉक्टरची युद्धात हरवलेली बायको म्हणून, म्हणजे जुन्या पिक्चरचा चेहरा या नव्या गोष्टीत न भरलेली जखम होऊन येतो, आणि तो म्हातारा डॉक्टर म्हणजे मेकअपखाली टिल्डा स्विंटन! अर्जेंतोला हा पिक्चर आवडला नाही, मूळ पिक्चरच्या आत्म्याशी प्रतारणा झाली असं त्याचं म्हणणं. मी अर्जेंतोची फॅन असूनही इथे ग्वादान्यिनोच्या बाजूनं आहे. 77 च्या पिक्चरमध्ये चेटकिणी चालवत असलेली नाचाची शाळा आहे पण नाच जवळपास नाहीच, मुली सुंदर मरतात आणि कोण होत्या ते आपल्याला कळतही नाही. 2018 च्या पिक्चरमध्ये एक मुलगी वरच्या हॉलमध्ये नाचते आणि तिच्या प्रत्येक हालचालीबरोबर खाली आरशांच्या खोलीत दुसरीचं शरीर पिळवटत मोडत जातं. तो सीन बघवत नाही. सुंदर तर अजिबात दिसत नाही. बाईच्या मरणाकडे चित्रासारखं बघायची जी सवय अर्जेंतोनं आपल्याला लावली ती ग्वादान्यिनो त्याच पिक्चरच्या नावाखाली मोडून काढतो, आणि तरीही चेटकिणींच्या त्या घराबद्दलचं त्याचं प्रेम फ्रेमफ्रेममध्ये दिसतं.

त्याच वाटेवरचा पीटर स्ट्रिकलंडचा 'बर्बेरियन साउंड स्टुडिओ' (2012) तुम्ही शोधून बघाच. एक साधाभोळा इंग्लिश साउंड इंजिनियर इटलीत एका हॉररचं डबिंग करायला येतो. तो हॉरर आपल्याला टायटल सोडून एकदाही दिसत नाही! दिसतात त्या फक्त भाज्या, कापलेल्या, फोडलेल्या, पिळलेल्या, कारण अंग चिरल्याचा आवाज भाज्यांतून काढायचा असतो, आणि काचेमागे किंचाळणाऱ्या डबिंगच्या मुली, ज्यांना डिरेक्टर आणि प्रोड्यूसर तुच्छतेनं वागवतात. इटालियन हॉररचा आवाज किती विलक्षण होता याचं इतकं कौतुक मी दुसऱ्या कुठल्याच पिक्चरमध्ये बघितलेलं नाही, आणि ती किंकाळी कुणाच्या घशातून यायची याचीही आठवण इतक्या स्पष्टपणे कुणी ठेवलेली नाही.

कुब्रिकबद्दल थोडक्यात. 'द शायनिंग'च्या (1980) वेळी हिरॉइन शेली डुव्हालला तो कसा बोलायचा ते त्याच्या मुलीनंच केलेल्या डॉक्युमेंटरीत आहे, कुणीही बघू शकतं. माइक फ्लॅनगननं त्याच गोष्टीचा पुढचा भाग असलेल्या 'डॉक्टर स्लीप'साठी (2019) कुब्रिकचं ओव्हरलुक हॉटेल मूळ आराखड्यांवरून परत उभारलं, कार्पेट, जिने, 237 नंबरची खोली सगळं, पण शेवट दिला स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीचा, बॉयलर आणि आग, जो कुब्रिकनं टाकून दिला होता. किंगला कुब्रिकचा पिक्चर अनेक वर्षं खुपत होता, तो फ्लॅनगनच्या पिक्चरवर खूश झाला. एकाचं घर बांधून दुसऱ्याच्या हातानं जाळायचं, आणि दोघांचाही मान राखायचा, हे फार अवघड काम होतं.

पोलान्स्कीच्या बाबतीत लोक वेगळीच वाट काढतात. 1977 च्या खटल्यात अल्पवयीन मुलीशी संबंध ठेवल्याचा गुन्हा त्यानं कबूल केला आणि शिक्षेच्या आधी 1978 ला अमेरिकेतून पळाला, हे सगळ्यांना माहितीये. तरी 'रोझमेरीज बेबी' (1968) शिवाय आजच्या अर्ध्या हॉररचं पान हलत नाही, चांगले शेजारी, हसतमुख नवरा आणि स्वतःच्या पोटावरही हक्क नसलेली बाई. नॅटली एरिका जेम्सच्या 'अपार्टमेंट 7ए'नं (2024) त्यातली जी टेरी नावाची मुलगी सुरुवातीलाच खिडकीतून पडून मरते तिचीच गोष्ट उचलली. पिक्चर म्हणून तो मला मधूनमधून ढिला वाटला, पण ज्या पोरीला जुन्या पिक्चरनं दोन-तीन सीनमध्ये संपवलं तिच्याकडे कॅमेरा वळवणं, तेही एका बाईनं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हिचकॉकचंही तसंच. 'द बर्ड्स'च्या (1963) माळ्यावरच्या सीनसाठी टिपी हेड्रनवर पाच दिवस जिवंत पक्षी सोडले, तिच्या डोळ्याजवळ जखम झाली, आणि 2016 च्या आत्मचरित्रात तिनं त्याच्यावर लैंगिक छळाचे आरोप केले. तो सीन आज कुणी अभ्यासाला घेतला तर एडिटिंगबरोबर हेही सांगितलंच पाहिजे, दोन्ही एकाच फिल्मवर आहे.

मग मान द्यावा का? माझं मत असं की शोध लावणाऱ्याचं नाव पुसून टाकणं खोटेपणा आहे आणि त्याच्या फोटोला हार घालणंही खोटेपणाच आहे. प्रानो बेली-बाँडच्या 'सेन्सर'मध्ये (2021) हे मला सगळ्यात नीट सापडलं. 1980 च्या दशकातलं ब्रिटन, व्हिडिओवर आलेल्या हिंसक पिक्चर्सच्या नावानं पेपरांनी उठवलेला गदारोळ. त्या वेळी सरकारी वकिलांच्या यादीत एकूण 72 पिक्चर आले होते, त्यातल्या 39 वर खटले यशस्वी झाले, आणि 1984 ला व्हिडिओसाठी वेगळा कायदाच आला. 'सेन्सर'ची नायिका ईनिड असे पिक्चर बघून काय कापायचं ते ठरवते, आणि एका पिक्चरमध्ये तिला स्वतःच्या हरवलेल्या बहिणीची गोष्ट दिसायला लागते. डिरेक्टरबाईंनी खऱ्या कुणाचं नाव न घेता फ्रेडरिक नॉर्थ नावाचा काल्पनिक डिरेक्टर घडवलाय, म्हणजे फुल्ची किंवा देओदातो यांपैकी एकावर ठपकाही नाही आणि कुणाची आरतीही नाही. शेवटाकडे पडदा दोन्ही बाजूंनी आकसत जुन्या टीव्हीएवढा होतो, टेपचे पट्टे येतात, रंग अर्जेंतोसारखे पेटतात. जुन्या पिक्चरवरचं प्रेम, त्यांच्याबद्दलची भीती आणि कात्री चालवणाऱ्यांचं खोटं समाधान, तिन्ही एकाच वेळी.

बघायचा क्रम विचाराल तर 'पीपिंग टॉम' आणि 'सेन्सर' लागोपाठ बघा, मग दोन्ही 'सस्पिरिया' आधी जुना मग नवा, मधे शक्यतो एखादा दिवस जाऊ द्या. 'कॅनिबल होलोकॉस्ट' बघितलाच पाहिजे असं मी कुणाला सांगणार नाही. बघायचाच असेल तर ग्राइंडहाउस रिलीजिंग या कंपनीच्या डिस्कवर प्राणी मारण्याचे सीन वगळून बघायची सोय आहे, ती निवडा, गोष्ट कुठेही तुटत नाही.